कोणाचं रक्त? निषिद्ध स्फटिकाच्या कथाकारांना खुले पत्र

अद्भुतकथा लिहिणाऱ्या आणि त्यांवर खेळ रचणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्रपाळीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रोग्याच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणारी चाचणी, लावला, ट्यूब इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि मधल्या वेळात तुमच्यापैकी एकाची कथा वाचायला घेतली. कथेत तळघर होतं. तळघरात काळपट लाल स्फटिक होता आणि त्याच्यासमोर दगडावर एक मुलगी बांधून ठेवली होती. मांत्रिकानं तिच्या मनगटावर सुरी फिरवली, स्फटिक पेटला, मांत्रिकाच्या डोळ्यांत आग उतरली. पुढची तीन पानं ती आग कशी दिसत होती यातच गेली. मुलगी पुन्हा आलीच नाही. ती मेली की जगली, तेही कळलं नाही.

गजर वाजला. मी उठले, ट्यूब काढल्या, आणि पिशवीवरचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडताना हात थांबला. आमच्याकडे हा क्रमांक जुळला नाही तर पिशवी जागची हलत नाही, मग बाहेर कितीही घाई असो. त्या क्रमांकामागे एक अर्ज असतो. अर्जावर नाव, वय, वजन, सही. तुमच्या तळघरात एवढं रक्त सांडलं आणि ते कोणाचं, हे लेखकालाही ठाऊक नव्हतं.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि अद्भुतकथांची लहानपणापासूनची वाचक आहे. शापित मणी, तहानलेला स्फटिक, रक्ताच्या थेंबानं जागी होणारी विद्या हे सगळं मला मनापासून आवडतं. हे पत्र त्या आवडीपोटीच लिहिते आहे. रक्तजादू लिहू नका असं मी म्हणत नाही. ती इतकी स्वस्तात लिहू नका, एवढंच म्हणणं आहे.

आधी तळहाताचं बोलते, कारण ते फार दिवस मनात आहे. तुमचा नायक स्फटिकाला रक्त देताना दरवेळी तळहात चिरतो. तळहातात बोटं मिटणाऱ्या स्नायूंचे दोर असतात, नसा असतात, सगळं कातडीच्या अगदी जवळ. तिथे खोल वार केलेला माणूस पुढच्या पानावर तलवार धरू शकत नाही. त्याला दाराची कडीही धड काढता येणार नाही. आम्ही कोपराच्या खोबणीतली शीर बघतो, बोटानं चाचपतो, ती उसळते का ते पाहतो आणि मगच सुई टोचतो. रक्त काढणं ही हातोटी आहे. तुमच्या जगात शतकानुशतकं रक्तविद्या चालत आली असेल, तर तिच्या साधकांना एव्हाना शीर सापडायला हवी. ज्याच्या दंडावर एकावर एक जुने व्रण आहेत, असा म्हातारा रक्तसाधक मला एकदा तरी भेटू द्या. त्या व्रणांवरून त्याचं अख्खं आयुष्य वाचता येईल.

मग मापाचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आम्ही एका वेळी ३५० मिलिलिटर घेतो, तेही पंचेचाळीस किलोंच्या वर वजन असेल तरच. घेतल्यावर त्याला पडून राहायला सांगतो, काहीतरी प्यायला देतो, लगेच उठू देत नाही. पाऊण लिटरपर्यंत गेलं तरी धडधाकट शरीर बरंचसं निभावून नेतं. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब कोसळायला लागतो, अंग थंड आणि घामेजलेलं होतं, माणूस असंबद्ध बोलतो. दोन लिटरच्या पुढे जीव टांगणीला लागतो. गेलेल्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पण तांबड्या पेशी पुन्हा जमायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे रक्तजादूची किंमत आयती मोजून ठेवलेली आहे. ती नव्यानं शोधायची गरज नाही. आज स्फटिकाला पाव लिटर दिलं तर उद्या जिना चढताना धाप लागेल. महिन्यात चौथ्यांदा दिलं तर ओठ पांढरे पडतील, केस गळतील, थंडी वाजेल, आणि साधकाच्या घरच्यांना ते त्याच्याआधी दिसेल.

खेळ रचणारे या बाबतीत कथाकारांपेक्षा थोडे पुढे आहेत, हे कबूल करायला हवं. खेळात रक्तमंत्र वापरला की हेल्थ बार, म्हणजे जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी, उतरतो. निदान किंमत डोळ्यांसमोर दिसते आणि ती स्वतःच्या अंगातून जाते. पण पुढच्या वळणावर औषधाची बाटली पडलेली असते, एक घोट घेतला की सगळं भरून निघतं. तिथे किंमत किंमत राहत नाही. त्या बाटलीत काय आहे, ते कोणाच्या अंगातून आलं, हा प्रश्न एखाद्या खेळानं खेळणाऱ्याला विचारला तर मी तो खेळ रात्ररात्र खेळेन.

आणखी एक गोष्ट, जी रक्त हाताळणाऱ्या कोणालाही लगेच खटकते. तुमच्या विधीत संध्याकाळी वाडगाभर रक्त काढतात आणि मध्यरात्री ते स्फटिकावर ओततात. अंगाबाहेर आलेलं रक्त दहा-पंधरा मिनिटांत थिजतं. वाडगा उलटा केला तर वडी पडावी तसं पडेल. आमच्या पिशवीत आधीपासून सायट्रेट घातलेलं असतं, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून गोठणं थांबतं. तरीही दोन ते सहा अंशांच्या थंडाव्यात आमच्या पिशव्या पस्तीसच दिवस टिकतात. रंगही टिकत नाही. ताजं लाल, शिरेतलं गडद, वाळलं की तपकिरी, मग जवळजवळ काळं. दगडावर सांडलेलं जुनं रक्त तांबडं दिसत नाही. आता हे माहीत असलेल्या वाचकाला एवढंच सांगा की सात दिवस झाले तरी स्फटिकावरचा थेंब ओला आणि लालच होता. त्याच्या अंगावर काटा येईल. आगीचे लोळ, गडगडाट, काही लागणार नाही.

रक्त आणि स्फटिक ही जोडी तुम्ही कल्पनेनं जुळवलीत असं तुम्हाला वाटत असेल. ती जोडी खरी आहे. १८४० मध्ये ह्युनेफेल्ड नावाच्या जर्मन संशोधकानं गांडुळाचं रक्त दोन काचांमध्ये ठेवून हळूहळू सुकू दिलं, तेव्हा त्याला त्यात चपटे स्फटिक दिसले. ते हिमोग्लोबिनचे होते. पुढे मॅक्स पेरुत्झ यांनी त्याच हिमोग्लोबिनच्या स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून, दोन दशकांहून अधिक काळ खपून, त्या रेणूची घडण उलगडली. १९६२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे रक्ताचा स्फटिक होतो, त्यात प्रकाशासारखंच काहीतरी सोडलं की तो आपलं गुपित सांगतो, आणि ते ऐकायला माणसाची अर्धी हयात जाते. यात मी काही रंगवून सांगितलेलं नाही.

पण माझा लाडका रक्तस्फटिक वेगळाच आहे, आणि तो मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली कितीदा तरी पाहिला आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि आतलं हिमोग्लोबिन खातो. खाऊन झाल्यावर हीम नावाचा भाग मागे उरतो, आणि हे सुटं हीम त्या परजीवीलाच विष असतं. ज्या अन्नावर तो जगतो त्याच अन्नाचं उष्टं त्याला मारू शकतं. मग तो काय करतो, तर त्या विषाचे स्फटिक बनवतो. विष स्फटिकात कोंडलं की निरुपद्रवी होतं आणि तो निवांत पुढचा घास घेतो. या स्फटिकाला हिमोझोइन म्हणतात. काचपट्टीवर तो तपकिरी-सोनेरी कणांसारखा चमकतो. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात परजीवी ओळखला तो याच रंगकणांच्या खुणेवरून. क्लोरोक्विन हे जुनं औषध नेमकं इथेच घाव घालतं. ते स्फटिक होऊ देत नाही, विष मोकळं राहतं आणि रक्त पिणारा आपल्याच जेवणानं मरतो.

पुन्हा एकदा वाचा. रक्त पिऊन वाढणारा जीव, पिण्याबरोबर साचत जाणारं विष, विष कोंडून ठेवणारा स्फटिक, आणि स्फटिक होऊ दिला नाही तर पिणाऱ्याचाच अंत. तुमच्या निषिद्ध स्फटिकाला याहून चांगली घडण कोण देणार? मांत्रिक स्फटिकातून शक्ती घेतो असं सगळे लिहितात. कोणीतरी असं लिहा की शक्ती रक्तातूनच येते, आणि स्फटिक म्हणजे त्या प्रत्येक घोटाचा साचलेला दोष आहे, म्हणूनच तो दरवर्षी मोठा होत जातो, म्हणूनच मांत्रिक त्याला जिवापाड जपतो. लोकांना वाटतं तो खजिना जपतोय.

आता ‘निषिद्ध’ या शब्दाकडे येते. तुमच्या कथांत हा शब्द दाराला लावलेल्या कुलपासारखा असतो. विद्या निषिद्ध आहे, कारण ती काळी आहे. काळी का, तर निषिद्ध आहे म्हणून. मनाई कोणी केली, कधी केली, त्या आधी काय घडलं होतं, कोण त्या मनाईच्या विरोधात बोललं, यातलं काही येत नाही. प्रत्यक्षात रक्तावर मनाई आली होती आणि तिची गोष्ट तुमच्या कुठल्याही मठापेक्षा रंगतदार आहे.

१६६७ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त देनी या वैद्यानं तापानं खंगलेल्या एका मुलाच्या शिरेत कोकराचं रक्त सोडलं. मुलगा वाचला. धीर वाढला. त्याच वर्षाच्या अखेरीस वेडाचे झटके येणाऱ्या एका माणसाला वासराचं रक्त दिलं, कारण वासरू गरीब असतं, तेव्हा त्याच्या रक्तानं माणूसही शांत होईल असा हिशेब होता. ही सरळसरळ जादूच आहे. पहिल्यांदा बरं वाटलं. पुढच्या खेपेला त्याला ताप भरला, पाठीत कळा आल्या, लघवी काजळीसारखी काळी झाली. नंतर तो मेला. खटला उभा राहिला. देनी सुटला, कारण विषप्रयोगाचा संशय पुढे आला, पण १६६८ च्या त्याच निकालात पॅरिसच्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीशिवाय रक्त चढवायला मनाई झाली. मंडळाला ही विद्या मुळातच पसंत नव्हती, म्हणून परवानगी कोणी मागायलाही गेलं नाही. जवळजवळ दीडशे वर्षं हा मार्ग बंद राहिला. १८१८ मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला देऊन पाहिलं. बाळंतपणात रक्त जाऊन बायका डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना गप्प बसवेना. त्यांचे काही रोगी वाचले, काही दगावले, आणि असं का होतं ते कोणालाच कळेना.

कळलं १९०१ मध्ये. कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही ठिकाणी ते नीट मिसळलं, काही ठिकाणी गुठळ्या झाल्या. रक्तगट सापडले ते असे. सव्वादोनशेहून जास्त वर्षं ज्या विद्येनं कधी तारलं, कधी मारलं, तिचं कोडं एका प्रश्नानं सुटलं: कोणाचं रक्त, कोणाला? ही विद्या भरवशाची झाली ती कोण्या निवडलेल्या नायकानं दार फोडल्यामुळे झाली नाही. कोणीतरी बसून, एकेका नळीवर नाव लिहून, हा प्रश्न विचारला म्हणून झाली.

आणि चुकीचं रक्त गेलं तर काय होतं, तेही तुम्हाला माहीत असावं. अंगात थोडंसंच गेलं तरी थंडी भरते, कंबरेत कळ येते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आम्हाला शिकवलेल्या लक्षणांच्या यादीत एक लक्षण असं आहे की रोग्याला अचानक वाटू लागतं, आता काहीतरी भयंकर होणार. त्याला कारण सांगता येत नाही. तो फक्त हात धरतो आणि म्हणतो, मला बरं वाटत नाहीये, काहीतरी होतंय. नर्सनं तेवढ्यावरून नळी बंद करायची असते. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला वाटलं होतं, हे एखाद्या अद्भुतकथेतलं वाक्य पाठ्यपुस्तकात शिरलं आहे. तुमच्या स्फटिकाला भलत्याच माणसाचं रक्त दिलं तर काय होईल, याचा विचार केलाय कधी? सगळ्यांचं रक्त त्याला सारखंच कसं चालतं? १९५२ मध्ये नोंदला गेलेला बॉम्बे रक्तगट फार थोड्या लोकांत सापडतो. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ चालत नाही, फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं रक्त चालतं. अशा एखाद्या माणसाच्या शोधात निघालेला स्फटिकधारी किती वेगळा असेल. त्याला गावंच्या गावं कापून उपयोग नाही. त्याला एकाच माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल, आणि मागावं लागेल.

मागणं. इथेच माझं सगळं म्हणणं येऊन थांबतं. आमच्या कामात रक्त ही गोष्ट निषिद्ध नाही, सुई नाही, वेदनाही नाही. न विचारता घेणं निषिद्ध आहे. दात्याला एकट्याला बसवून आम्ही विचारतो, तुम्ही स्वतःहून आलात ना? एकदा एका तरुणाला चार जण घेऊन आले होते. मोठी माणसं होती, त्याच्यावर वजन असलेली. आत एकटा आल्यावर मी हा प्रश्न विचारला, तर तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग त्यानं मान नकारार्थी हलवली. मी अर्ज बाजूला ठेवला. बाहेर जाऊन सांगितलं, यांचं रक्त आज घेता येणार नाही. का, असं त्यांनी तीनदा विचारलं. कारण आम्ही सांगत नसतो, एवढंच मी तीनदा सांगितलं. तो मुलगा जाताना काही बोलला नाही. त्याचं अंग निरोगी होतं, शीर छान होती, त्या दिवशी शीतपेटीत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या. तरी घेता येत नाही. तुमच्या कथांतलं सगळ्यात थरारक दृश्य असं असू शकतं: स्फटिक भुकेला आहे, शहर वाचवायचं आहे, शीर समोर आहे आणि समोरचा माणूस मान हलवतो.

स्फटिकाच्या भुकेबद्दलही थोडं. ‘स्फटिकानं त्याला भ्रष्ट केलं’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं आहे आणि दरवेळी कोणीतरी हात झटकून निघून गेल्यासारखं वाटतं. खून माणसानं केला, आळ दगडावर. आपल्याकडच्या जुन्या गोष्टी या बाबतीत जास्त चोख आहेत. स्यमंतक मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. त्याच्यापायी प्रसेन गेला, सत्राजित झोपेत मारला गेला, शतधन्वा मारला गेला, खुद्द कृष्णावर चोरीचा आळ आला. पण मण्यानं स्वतः कोणालाही मारलं, असं ती गोष्ट कुठेही म्हणत नाही. प्रत्येक मृत्यूला मारणारा आहे, आणि तो कोण हे सांगितलेलं आहे. शेवटी कृष्ण तो मणी अक्रूराला सगळ्यांसमोर दाखवायला लावतो आणि परत त्याच्याकडेच ठेवायला देतो. मणी फोडत नाही, स्वतः घेतही नाही. ज्वालामुखीत किंवा समुद्रात काही फेकावं लागत नाही.

अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी जन्मापासूनचा होता, त्याला शस्त्र, रोग, भूक यांचं भय वाटू न देणारा. झोपलेल्या पोरांना मारल्यावर तो मणी त्याला द्यावा लागला, आणि आपल्या लोकांनी त्या कपाळावरची जखम अजून भळभळती ठेवली आहे. मणी नंतर कुठे गेला हे फार कोणाला आठवत नाही. जखम सगळ्यांना आठवते. आणि रक्तबीज? त्याचा थेंब जमिनीवर पडला की तिथून नवा रक्तबीज उठतो, हा एकच नियम. जमिनीवर पडला तर. त्या ‘जमिनीवर’ या शब्दातच उपाय आहे, म्हणून देवी थेंब खाली पडूच देत नाही. नियम असा हवा.

निर्जीव, निरिच्छ स्फटिक किती भयंकर असू शकतो याचं माझ्यासमोरचं उदाहरण मात्र पुराणातलं नाही. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोघांनी एका सोडून दिलेल्या रुग्णालयाच्या इमारतीतून किरणोपचाराच्या यंत्राचा भाग भंगारासाठी काढून नेला. आत सिझियम क्लोराइड होतं, मिठासारखं दिसणारं, किरणोत्सारी. भंगारवाल्यानं ते विकत घेतलं. रात्री त्यातून निळा उजेड येताना त्याला दिसला. इतकी सुंदर वस्तू त्यानं घरात नेली, नातेवाइकांना, मित्रांना तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे वाटले. लोकांनी ते अंगाला चोळलं. सहा वर्षांची एक मुलगी त्या चमकत्या भुकटीशी खेळली आणि तेच हात तोंडाला लागले. चार माणसं गेली, त्यात ती मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडलं, एक लाखाहून अधिक लोकांना तपासावं लागलं. घरातली माणसं एकामागोमाग आजारी पडताहेत आणि त्याचं कारण ही चमकणारी वस्तूच आहे, हे पहिल्यांदा ओळखलं भंगारवाल्याच्या बायकोनं. त्या यंत्राचा उरलेला भाग पिशवीत घालून, बसनं, आरोग्य कार्यालयात ती पोचती झाली. चौघांत तीही होती.

कोणाचंही वाईट करायचं कोणाच्या मनात नव्हतं. ते तुकडे प्रेमानं वाटले गेले. त्या निळ्या उजेडाला कोणाची भूक नव्हती, त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्याच्याशी करार केला नव्हता. निषिद्ध स्फटिकाच्या कित्येक कथा मी वाचल्या, पण बसमध्ये ती पिशवी घेऊन बसलेल्या बाईएवढं मला कशानंच हलवलं नाही. आपण काय घेऊन चाललोय याचा अर्धाच अंदाज तिला होता. तरी ती घेऊन गेली.

तुमच्या कथांत अशी बाई हवी. सिंहासनाशी, भाकिताशी तिचा संबंध नसेल. घरात कोण कधी आजारी पडलं, एवढं तिनं नीट लक्षात ठेवलेलं असेल.

ज्याच्या कथेवरून हे सगळं सुरू झालं त्या लेखकाला, आणि ही ओळ वाचताना ज्यांना आपली एखादी कथा आठवली त्या प्रत्येकाला, माझी एक साधी विनंती आहे. स्फटिक ठेवा. तळघरही ठेवा. मांत्रिकाच्या डोळ्यांतली आग तीन पानांवरून अर्ध्या पानावर आणा आणि उरलेली अडीच पानं दगडावरच्या मुलीला द्या. ती बचावली तर तिच्या मनगटावरच्या व्रणाचं काय, हाताची मूठ पुन्हा वळते का, आरशात ओठ किती दिवस पांढरे दिसतात, हे मला वाचायचं आहे. तिच्या रक्तातून मिळालेल्या शक्तीनं मांत्रिक जे काही करतो त्यात तिचा वाटा कितपत, हा प्रश्न तिला छळत असेल तर तोही वाचायचा आहे. ती गेली असेल, तर तिला कोणी शोधत आलं का?

पुढचा भाग लिहायला बसाल तेव्हा आमचा अर्ज समोर ठेवल्यासारखं करा. सुरुवातीच्या रकान्यांत फार काही नसतं. त्या मुलीचं नाव लिहा. वय लिहा. वजन लिहा. शेवटचं कधी जेवली, असाही एक रकाना आहे, तोही भरा.

तुमची,
रात्रपाळीतली एक वाचक